मन उदास असताना चर्चमध्ये आनंदाची गाणी गाणं ढोंग नाही का?

मैत्रिणीबरोबर भायखळ्याच्या मराठी चर्चमध्ये गेलात, सगळे उभं राहून गात होते आणि तुम्ही पुस्तक धरून नुसत्या उभ्या, असं तुम्ही लिहिलंय. नोकरी गेलेली, मन ठिकाणावर नाही, त्यात गळाही बेसूर.

गळ्याचं आधी सांगतो. माझा आवाज म्हणजे कर्जत लोकलने मारलेला ब्रेक. चाळीस वर्षं देवळात गातोय (आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात), अजून कोणी उठवलेलं नाही. बायबलमधल्या 100व्या स्तोत्रात परमेश्वराचा जयजयकार करा म्हटलंय, सुरात करा असं काही नाही.

ढोंगाचा प्रश्न मात्र खरा. वडील गेले त्यानंतरच्या रविवारी नेमकं उपकारस्तुतीचं गायन, म्हणजे देवाचे आभार मानणारं गीत, निघालं. पहिली दोन कडवी माझे ओठ हलले नाहीत. शेजारच्या मावशी गात होत्या, मागचा बाक गात होता, माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. तिसऱ्या कडव्याला मी शिरलो. आनंद वगैरे झाला नाही, रडू आलं. पण वडील मिळाले होते याबद्दल देवाचे आभार मी पहिल्यांदा मानले ते त्या रडण्यात.

नंतर 13वं स्तोत्र नीट वाचलं. अवघी 6 वचनं. सुरुवात तक्रारीने: देवा, मला कुठवर विसरणार? शेवट गाण्याने. मधे संकट टळल्याचा एक शब्द नाही. बायबलमधले ख्रिस्ताचे प्रचारक पौल आणि सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते ते पाय खोड्यात अडकलेले असताना; दारं उघडली ती नंतर.

आपल्या मराठी कानाला हे परकं वाटू नये. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली. तुकोबा त्यांच्या रक्तातच होते. वारीत पायाला फोड आले म्हणून टाळ थांबतो का? आणि त्या वारकऱ्याला कोणी ढोंगी म्हणतं का?

पुन्हा गेलात तर सगळं गायन म्हणायचा हट्ट नको. नुसतं ध्रुपद धरा. तेही नाही जमलं तर ऐका, बाकीचे तुमच्या वाटचं गातील. आणि शक्यतो मागच्या बाकावर बसा. आम्ही बेसूर मंडळी तिथेच असतो.