हॅनोव्हरला येतेस, तर भुलाबाई आणि बडगी घेऊन ये

तुझा निरोप काल रात्री वाचला, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचला. सप्टेंबरात तुम्ही चौघं भुसावळहून इकडे जर्मनीत, हॅनोव्हरला येताय, मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा. तू विचारलं आहेस की भुलाबाई, दिवाळी, भरीत यातलं इथं काय जमतं, सामानात काय आणायचं, आणि ख्रिसमस आपल्या घरात करावा का. तुझ्या सासूबाईंना वाटतं, पोरं सगळं विसरून जातील. मी तापीच्या पल्याडची, फैजपूरची. तुझ्या गावापासून माझं माहेर तासाभराच्या आत, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

पहिल्या वर्षी मी इथं सगळे सण करायला गेले. घट बसवले, दसरा, कोजागरी, वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचा एकेक दिवस, तुळशीचं लग्न, चंपाषष्ठी. यातल्या एकाही दिवशी सुट्टी नव्हती. लक्ष्मीपूजनाला सहा वाजता कामावरून निघाले तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता, रस्त्यावर एक माणूस नाही. घरी पोचले तोवर मुलगी डोळे चोळत होती. घाईघाईत पाट मांडला, कलश ठेवला, लाह्या-बत्तासे ठेवले आणि आरती म्हणायला तोंड उघडलं तर शब्दच फुटेना. त्या रात्री आम्ही नवरा-बायको बसून बोललो आणि तीन गोष्टी धरल्या: भुलाबाई, दिवाळीची एक संध्याकाळ, आणि भरीत. या तीन नीट, मनापासून, माणसं बोलावून करायच्या. बाकीच्या सणांना देवापुढे दिवा, गोडाचा शिरा आणि गावी फोन. तूही आल्या आल्या तुमच्या तीन ठरव. त्या माझ्याच असायला हव्यात असं नाही.

भुलाबाईपासून सुरू करते, कारण तुम्ही याल तेव्हा ती तोंडावर असेल. आपल्याकडचा पोरींचा गाण्यांचा सण, भाद्रपद पौर्णिमेला बसते, कोजागरीला जाते, हे तुला सांगायला नको. महिनाभर रोज इथं शक्य नाही. आम्ही त्या महिन्यातले चार शुक्रवार धरतो, संध्याकाळी साडेचार ते सहा. मुलीच्या वर्गातली पाच-सहा पोरं येतात, त्यात मुलगेही असतात. गाणी त्यांना कळत नाहीत, पण टिपऱ्या कळतात आणि खिरापत, म्हणजे बंद डब्यातला ओळखायचा खाऊ, तर फारच कळते. पहिल्या वर्षी समोरच्या घरातला एक मुलगा स्टीलचा डबा कानाशी धरून किती तरी वेळ हलवत बसला होता. मग झाकणाच्या फटीला नाक लावलं आणि ठामपणे म्हणाला, "पॉपकॉर्न!" आत साळीच्या लाह्या होत्या. माझ्या मुलीला कळेना की हो म्हणू की नाही. शेवटी तिनं त्याला तांदूळ आणि साळ यांतला फरक जर्मनमध्ये समजावून सांगितला, हातवारे करून, साल कसं असतं ते दाखवून. तिला इथं येऊन तेव्हा एक वर्षही झालं नव्हतं आणि वर्गात ती कुणाशी धड बोलत नव्हती. त्या दिवसापासून बोलायला लागली. आता शाळेत तिला विचारतात, यंदा डब्यात काय असणार?

सासूबाईंना सांग, त्यांच्यावर मोठं काम आहे. भुलाबाईची गाणी त्यांच्या तोंडून आत्ताच रेकॉर्ड करून घे, फोन पुढ्यात ठेवून, निवांत, एकेक करून. इंटरनेटवर गाणी मिळतात, पण प्रत्येक गावाची चाल निराळी, मधले शब्द निराळे. माझ्या आईच्या आवाजातली अकरा गाणी माझ्याकडे आहेत आणि या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू मी तीच समजते. आई गेल्या वर्षी गेली.

दसऱ्याला आपट्याची पानं मिळणार नाहीत आणि आणायचीही नाहीत, त्याचं कारण पुढे सांगते. इथल्या रस्त्यांच्या कडेला गिंकोची झाडं असतात. त्याचं पान मधे चिरलेलं, दोन पाळ्यांचं, शरदात पिवळंधमक होतं. दसरा लवकर आला तर अजून हिरवट असतं, पण मुलं खाली पडलेली पानं वेचून आणतात आणि आम्ही तेच सोनं वाटतो. नवमीला माझ्या मुलाचा खिसा त्यांनीच भरलेला असतो.

आता दिवाळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथं घड्याळ एक तास मागे जातं. त्याआधी भारताचं घड्याळ साडेतीन तास पुढे, त्यानंतर साडेचार. म्हणजे गावी संध्याकाळी साडेसहाला लक्ष्मीपूजन असेल तेव्हा इथं दुपारचे तीन किंवा दोन वाजलेले असतात. आम्ही पूजा आपल्या संध्याकाळीच करतो आणि दुपारी दहा मिनिटं फोनवर गावची आरती बघतो. दोन्ही एकत्र जमवायला जाऊ नकोस, धड काहीच होत नाही. शाळेचं म्हणशील तर इथं शाळा सक्तीची आहे, न सांगता घरी ठेवता येत नाही. आम्ही आधी लेखी अर्ज देऊन धार्मिक सण म्हणून एक दिवस मागतो आणि आमच्या शाळेनं तो दरवेळी दिला आहे. या राज्यात २०१८ पासून ३१ ऑक्टोबरला सुट्टी असते. २०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी त्याच दिवशी आली. सगळ्यांची अभ्यंगस्नानं निवांत झाली, इतक्या वर्षांत प्रथमच.

फटाके विसरायचे. ते वर्षाच्या अगदी शेवटच्या तीनेक दिवसांत विकतात आणि फक्त ३१ डिसेंबर व १ जानेवारीला उडवायला परवानगी असते. फुलबाज्या मात्र बारा महिने मिळतात, वुंडरकेर्त्सन या नावानं. जिन्यात पणत्या लावू नकोस. आमच्याकडे पहिल्याच वर्षी इमारतीच्या व्यवस्थापनाची चिठ्ठी आली होती, आगीच्या भीतीनं. आणि मला तेव्हा फार लागलं होतं. नंतर कळलं की जिना ही सगळ्यांची सुटायची वाट असते, तिथं कुणीच काही ठेवत नाही. रांगोळी मी आता लाकडी फळीवर काढते आणि दाराच्या आत ठेवते. पणत्या खिडकीत.

खिडकीतला आकाशकंदील मात्र आम्ही तुळशीच्या लग्नानंतरही उतरवत नाही. डिसेंबर जवळ आला की जर्मन लोकही खिडक्यांत कागदाच्या चांदण्या टांगतात, आत दिवा घातलेल्या. हेर्नहूट गावाच्या नावानं ओळखतात त्या. एकोणिसाव्या शतकात मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळांत मुलांना भूमिती शिकवताना ती चांदणी जन्माला आली म्हणतात. लांबून बघशील तर आपलाच कंदील वाटेल. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी दरवर्षी म्हणतात, तुमची चांदणी सगळ्यांत आधी लागते.

नोव्हेंबर इथला सगळ्यात जड महिना, हे आधीच सांगून ठेवते. पाऊस, ढग, आणि डिसेंबरच्या मध्यावर तर सूर्य चार-सव्वाचारला मावळतो. पण हे लोकही त्या अंधारातच दिवे लावतात. ११ नोव्हेंबर हा सेंट मार्टिनचा दिवस. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्या रोमन शिपायानं आपला झगा अर्धा कापून दिला, अशी गोष्ट आहे. त्या सुमारास बालवाडीची पोरं स्वतः बनवलेले कागदी कंदील काठीला बांधून रस्त्यानं गात फिरतात. तुझ्या मुलाच्या बालवाडीतून आईवडिलांना कंदील करायला बोलावतील. कितीही काम असलं तरी जा. भाषा येत नसली तरी कात्री आणि डिंक चालवता येतात, आणि इथल्या माझ्या पहिल्या दोन मैत्रिणी मला त्याच टेबलावर भेटल्या.

कार्तिकी एकादशीला जळगावचा श्रीरामाचा रथ आम्ही मोबाईलवर बघतो. १८७२ पासून चालत आलेला रथ, माझं सासर जुन्या जळगावातलं, त्यामुळे तो दारावरून जायचा. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, लावून एवढं धूड वळवणारी माणसं दिसली की मुलं गप्प होऊन बघतात.

ख्रिसमसचं तू बिचकत बिचकत विचारलं आहेस. कर, मनापासून कर. ५ डिसेंबरच्या रात्री मुलं बूट स्वच्छ पुसून दाराशी ठेवतात आणि सकाळी त्यात निकोलाउसनं ठेवलेला खाऊ असतो. वर्गातल्या सगळ्यांच्या बुटात काहीतरी निघालं आणि तुझ्या मुलीच्या बुटात काहीच नाही, असं होऊ देऊ नकोस. देव काही रागावत नाहीत. नाताळच्या आधीचे चार रविवार चार मेणबत्त्यांचे, दर रविवारी एक वाढवायची. आणि १ ते २४ डिसेंबर रोज एक खण उघडायचं कॅलेंडर असतं. बाजारात चॉकलेटचं मिळतं, पण मी कापडाच्या २४ पिशव्या शिवल्या आहेत. त्यांत एक तिळाची वडी किंवा चिक्कीचा तुकडा आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर मुलांनी कधी न पाहिलेल्या वस्तूचं नाव: खापर, उखळ, पऱ्हाटी, मोट, कणगी. आधी आई सांगायची, आता माझ्या सासूबाई दर रविवारी फोनवर पुढच्या सात वस्तू सांगतात, ती कशाची असते, घरात कुठं ठेवायची ते. मुलगा चिठ्ठी वाचून चित्र काढतो. त्याची मोट आधी बादलीसारखी निघाली होती, मग आजीनं व्हिडिओवर सोंड समजावून सांगितली.

२४ तारखेला दुपारी दोनच्या सुमाराला दुकानं बंद होतात आणि २५, २६ दोन्ही दिवस सुट्टी. सगळं शहर आपापल्या घरात. नव्या माणसाला हे दिवस खायला उठतात. म्हणून आमचं भरीत २६ डिसेंबरला.

गावी दिवाळी झाली की शेताशेतात भरीत सुरू होतं. इथं शेत नाही, पण त्या खालच्या मजल्यावरच्या आजींची शहराबाहेर छोटी बाग आहे. इथं बऱ्याच लोकांच्या असतात. तिथं त्यांच्या शेगडीवर आम्ही वांगी भाजतो. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या नाहीत, सफरचंदाच्या छाटलेल्या फांद्या असतात. वांगं आपलं हिरवं, लांबोडं, बामणोदचं मिळत नाही. सुपरमार्केटातलं जाडं जांभळं घेऊ नकोस, त्याला पाणी फार सुटतं. तुर्की दुकानातलं लांबट घे. टोचे मारून, तेलाचा हात लावून, साल पूर्ण काळी पडेपर्यंत भाजायचं. मग ताटात उतरवून पाच मिनिटं झाकायचं आणि कलतं ठेवून पाणी निथळू द्यायचं. इथल्या वांग्याला हे फार गरजेचं आहे. नंतर बडगीत, आपल्या भरताच्या लाकडी भांड्यात ठेचायचं, तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून. वर कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. मिक्सरला लावलं तर भरताची चटणी होते. माझी बडगी सासूबाईंनी सुटकेसमध्ये साड्यांच्या मधे घालून पाठवली, आणि त्या लाकडाला अजून जळगावच्या धुराचा वास येतो. थंडी शून्याच्या आसपास असते, सगळे शेगडीभोवती हात शेकत उभे, बोटं काळी. आजी त्यांच्या भाजलेल्या बिस्किटांचा डबा घेऊन येतात, कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुरीचा तुकडा मोडतात आणि भरीत चमच्यानं न खाता पुरीनंच खातात. घरात, बंद खिडक्यांत, वांगं भाजायला जाऊ नकोस. प्रत्येक घराच्या छताला धुराचा भोंगा असतो, तो सगळी इमारत जागी करतो.

सामानाचं नीट ऐक. भारतातून युरोपात दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत: तूप, पेढे, खवा, काहीही. ताजी फळं, भाज्या, पानं यांना सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणून आपटा आणि कढीपत्ता नाही. नारळ, केळी, खजूर आणि अननस यांना सूट आहे. तूप इथं घरी कढव. आंबट सायीचं लोणी मिळतं, वेष्टनावर झावररामबुटर लिहिलेलं असतं, त्याच्या तुपाला आपल्या घरच्या तुपाच्या जवळचा वास येतो. कळण्याचं पीठ नक्की आण, आमच्या घरी चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद असं दळतात. बिबड्या, कुरडया, पापड आण. तवा सपाट बुडाचा आण, कारण इथं गॅस क्वचितच असतो, काचेची विजेची शेगडी असते. मांडे भाजायचं मातीचं खापर आणू नकोस. त्या शेगडीवर मांडे होत नाहीत. मी उलट्या कढईवर, बिडाच्या तव्यावर, सगळं करून पाहिलं. मांडे गावी गेल्यावर सासूबाईंच्या हातचे खायचे.

भुलाबाईची मूर्ती छोटी, मातीची, हातातल्या बॅगेत आण, टॉवेलमध्ये गुंडाळून. आमची सामानात टाकली होती, तिच्या जोडीच्या भुलोबाचा हात मोडला. तो अजून तसाच आहे, आम्ही बदलला नाही.

तिकीट निघालं की तारीख कळव. तुझ्या मुलीला पहिल्या शुक्रवारी आमच्याकडे पाठव, खिरापत ती आणेल, डब्याचं झाकण घट्ट लावून. आणि २६ डिसेंबरला तुम्ही चौघं बागेत यायचं आहे, सकाळी अकराला, कारण चारला अंधार पडतो. कळण्याचं पीठ माझ्यासाठी दोन किलो जास्तीचं आण, माझं नोव्हेंबरातच संपतं.