शुगर ताब्यात आहे, मग दर तीन महिन्यांनी तपासणी कशाला?

प्रश्न : मला टाइप २ मधुमेह होऊन आठ वर्षं झाली. घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळची उपाशीपोटी शुगर ११०-१२० च्या आसपास असते आणि त्रास कसलाच नाही. तरी आमचे फॅमिली डॉक्टर दर तीन महिन्यांनी बोलावतात. बीपी बघतात, चार प्रश्न विचारतात, त्याच गोळ्या लिहून देतात. वर्षातून एकदा गेलो तर चालणार नाही का?
– एक वाचक, वय ५६

उत्तर : घरी नेमाने शुगर बघता, हे फार चांगलं करता. पण तो आकडा त्या घटकेपुरता. जेवणानंतर, संध्याकाळी शुगर कुठवर चढते, हे त्यातून कळत नाही. उपाशीपोटी ११५ आणि एचबीए१सी (सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) मात्र चढलेलं, आठ टक्के, असे रुग्ण मी पाहिले आहेत. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. म्हणून एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. रक्तक्षय असेल तर हा आकडाही फसवतो. तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या डॉक्टरच्या ते चटकन लक्षात येतं.

तुमच्या पत्रातल्या 'त्रास कसलाच नाही' या शब्दांची मला जास्त काळजी वाटते. मधुमेहाचं नुकसान सुरुवातीला दुखत नाही. डोळ्याच्या पडद्यावर बदल सुरू झालेले असतात आणि माणूस आरामात वर्तमानपत्र वाचत असतो. मूत्रपिंडाचं बरंच काम मंदावेपर्यंत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची नेहमीची रक्ततपासणी) नॉर्मल दिसू शकतं. लघवीत उतरणारं अल्ब्युमिन हे प्रथिन त्याच्या किती तरी आधी सावध करतं. आणि पाय! माझे एक रुग्ण 'पाय एकदम ठीक' म्हणत होते. मी मोजे काढायला लावले, तर तळव्याला जखम आणि बुटात वर आलेला खिळा. तो टोचत असल्याचं त्यांना जाणवलंच नव्हतं. मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनचा बारीक तंतू. तो तळव्याला टेकवून ही संवेदना तपासता येते. दोन मिनिटंही लागत नाहीत.

बीपी बघतात हे तुम्ही किरकोळ समजू नका. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. टाइप २ मधुमेह असलेल्यांचं बीपी कसोशीने आटोक्यात ठेवल्यावर पक्षाघाताचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी झालं. डेन्मार्कमध्ये १९८९ पासून फॅमिली डॉक्टरांनीच एक प्रयोग केला : नव्या मधुमेहींना दर तीन महिन्यांनी बोलवायचं आणि प्रत्येकासाठी वेगळं उद्दिष्ट ठरवायचं. सहा वर्षांनी शुगर-बीपी सुधारलेले होते, पण गुंतागुंतीत फारसा फरक नव्हता. हृदयविकाराच्या झटक्यांतली घट पुढे बऱ्याच वर्षांनी दिसली. हे फळ उशिरा मिळतं, म्हणूनच तुमच्यासारख्या मंडळींचा धीर मध्येच सुटतो.

तुमची तक्रार एका बाबतीत मला पटते. नुसत्या गोळ्या पुन्हा लिहून देणं म्हणजे तपासणी नव्हे. पुढच्या वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारा : बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला? लघवीतलं अल्ब्युमिन, ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा अंदाज), कोलेस्टेरॉल कधी केलं? पायांची तपासणी कधी? वर्षातून एकदा तरी हे सगळं व्हायला हवं. मेटफॉर्मिन घेत असाल तर ईजीएफआरकडे विशेष लक्ष हवं, कारण तो ३० च्या खाली गेला तर ही गोळी बंद करावी लागते. ती बरीच वर्षं चालू असेल तर जीवनसत्त्व बी१२ सुद्धा बघून घ्यावं.

आता तीन महिने की वर्ष? एचबीए१सी आणि बीपी सलग स्थिर असतील, औषध बदललेलं नसेल, तर सहा महिन्यांचं अंतर ठेवता येतं. तसं डॉक्टरांशी बोलून ठरवा. डोस बदलला, वजन अचानक उतरलं किंवा शुगर कमी होऊन घाम-थरथर झाली, तर लवकर जा. वर्षभराचा खाडा मात्र पडू देऊ नका. वर्षातली एक भेट आधी वेळ ठरवून, जरा निवांत घ्या. जाताना ग्लुकोमीटर आणि जुने रिपोर्ट बरोबर न्या आणि थोड्या नोंदी जेवणानंतर दोन तासांच्याही असू द्या.