चाचणीचा कागद

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पंख आणि प्रोपेलर राहिले बाजूला, मला चाचणीच्या सूचना टाईप करायला बसवलंय, ही तुझी तक्रार. नोकरी बदलायची तर खुशाल बदल. पण आधी 'सारस'चं ऐक.

बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेचं हे १४ आसनी, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं विमान. सुरुवातीला रशियाची कंपनी भागीदार होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ती गळाली. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले. २९ मे २००४ला ते एकदाचं उडालं. वजन ठरवल्यापेक्षा बरंच जास्त भरलं होतं. प्रोपेलर मागच्या बाजूला, विमानाला ढकलणारे. मला ते फार देखणं वाटायचं, पण ते असो.

६ मार्च २००९. दुसरा नमुना हवेत होता. एक इंजिन मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करायची चाचणी होती. विमान बंगळुरूजवळच्या बिडदीपाशी कोसळलं आणि हवाई दलाचे तिन्ही अधिकारी गेले. चौकशीत निघालं ते असं: डिझाइन करणाऱ्यांनी ठरवून दिलेली रीलाइटची, म्हणजे बंद इंजिन हवेत पुन्हा पेटवायची, पद्धतच चुकीची होती, आणि ती वापरली तेव्हा हाताशी उंची पुरेशी नव्हती.

पद्धत म्हणजे काय? कागदावरच्या चार ओळी. तू टाईप करतेस तशाच.

आता या ओळींचं वजन बघ. 'सारस'ला पीटी६ जातीची इंजिनं होती. यात तेलाचा दाब गेला की स्प्रिंग आणि वजनं प्रोपेलरची पाती वाऱ्याला आडवी न ठेवता धारेवर आणतात. त्याला फेदर म्हणतात. इंजिन पेटू लागलं की तेलाचा दाब पुन्हा चढतो. त्या वेळी कॉकपिटमधला प्रोपेलरचा लिव्हर फेदरलाच असेल तर ठीक. आधीच पुढे सरकवला असेल, तर इंजिनात जोर यायच्या आत पाती उलगडतात आणि वाऱ्यासमोर थाळीसारखी उभी राहून विमानाला अडवतात. लिव्हर आधी की नंतर, एवढाच फरक.

माझंच सांगतो. नवा असताना मी एका कागदावर 'पुरेशी उंची पाहून' असं लिहिलं होतं. चाचणी वैमानिकानं त्यावर लाल पेनानं एकच शब्द लिहून परत पाठवला: 'किती?' मला उत्तर येत नव्हतं. दोन दिवस आकडेमोड केली तेव्हा कळलं, की ती ओळ मी दुसऱ्या विमानाच्या कागदावरून उचलली होती.

म्हणून प्रत्येक ओळीत आकडा घाल. चाचणी कुठे सोडून द्यायची, ती उंची सर्वांत वर, ठळक. हातमोजे घालून, गुडघ्यावर कागद ठेवून, मोठ्यानं वाच. जिथे अडखळशील तिथे वैमानिकही अडखळेल. आणि 'हे असंच का?' विचारायला डिझाइनवाल्यांच्या टेबलाशी रोज जा. वैतागतील, वैतागू देत.

दिवाळीत येशील तेव्हा लिहिलेला एखादा कागद घेऊन ये. लाल पेन माझ्याकडे आहे.

तुझा,
सर