खेळाडूंचे प्रश्न : विखुरलेले शत्रू एका जागी कसे आणावेत?

या वेळच्या टपालात ‘डायब्लो ३’वरचे प्रश्न बरेच आहेत. राक्षसांच्या टोळ्यांशी लढण्याचा हा व्हिडिओ गेम २०१२ च्या मे महिन्यात आला, पण त्यातली ग्रेटर रिफ्टची शर्यत (ठरावीक वेळात शत्रू मारत शेवटच्या बलाढ्य शत्रूपर्यंत पोहोचून त्याला हरवण्याची) आजही चुरशीने खेळली जाते. हातघाईने लढणाऱ्या पात्रांची अडचण जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच आहे, म्हणून त्या प्रश्नांना येथे एकत्र घेतले आहे.

प्रश्न : मी व्हर्लविंड (गरगर फिरत मारण्याचे स्किल) वापरणारा बार्बेरियन हा योद्धा खेळतो. शत्रूंची टोळी दिसली की मी लगेच घुसतो आणि ग्राउंड स्टॉम्प (जमिनीवर आघात करून शत्रूंना सुन्न करणारे स्किल) मारतो. तरीही निम्मे शत्रू बाहेर राहतात आणि धनुर्धारी सांगाडे लांबून बाण मारत बसतात. त्यांच्यामागे धावण्यात वेळ जातो आणि शेवटी टायमर संपतो. माझे नेमके काय चुकते? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपली स्किलची निवड योग्य आहे. चुकतो तो क्रम. ग्राउंड स्टॉम्पवर रेंचिंग स्मॅश हा रून (स्किलचा परिणाम बदलणारा पर्याय) लावला, तर २४ यार्डांच्या घेरातले शत्रू आधी आपल्याकडे ओढले जातात आणि मग त्यांच्यावर आघात होऊन ते ४ सेकंद सुन्न होतात. चोवीस यार्ड हे अंतर ऐकायला मोठे वाटते, पण टोळी दिसताक्षणी आपण तिच्या अलीकडच्या कडेला उभे असता आणि पलीकडची कड घेराबाहेर असते. अशा वेळी मारलेला स्टॉम्प अर्धी टोळी आणतो, उरलेली अर्धी मागे ठेवतो आणि पुढचे १२ सेकंद हाताशी ते स्किल नसते. आपण वर्णन केलेला सगळा त्रास या एका घाईतून निर्माण होतो.

गर्दी जमवण्याचे काम मुळात पायांचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्किलने फक्त जमलेली गर्दी घट्ट करायची असते. टोळी दिसली की तिच्यावर न थांबता तिला वळसा घालून पुढे जावे. जवळचे शत्रू आपल्या मागे लागतात, पुढचे समोरून येतात आणि दोन्ही बाजूंचे अंतर आपोआप कमी होते. वेगवान शत्रू आधी पोहोचतात, जडशीळ मागून येतात. म्हणून पहिला शत्रू अंगाला भिडला की लगेच स्टॉम्प मारू नये, सर्वांत संथ शत्रू निम्मे अंतर तोडेपर्यंत कळ काढावी. ही कळ काढता येणे हाच या बिल्डमधला (स्किल आणि साधनांच्या जुळणीतला) खरा सराव आहे आणि तो यायला वेळ लागतो.

धनुर्धाऱ्यांचा उपाय वेगळा आहे. त्यांना आपण दिसत असेपर्यंत जवळ येण्याचे काही कारण नसते. लांबून बाण मारणे त्यांना पुरते. म्हणून त्यांच्या नजरेआड व्हावे. समजा, अरुंद वाटेच्या पुढे मोठे दालन आहे आणि दालनाच्या मागच्या भिंतीपाशी सहा धनुर्धारी उभे आहेत. आपण दालनात शिरलात, जवळच्या दहाबारा जणांना अंगावर घेतलेत आणि तिथेच फिरत राहिलात, तर ते सहाही जागचे हलणार नाहीत. त्याऐवजी दारातून दोन पावले मागे येऊन भिंतीच्या आडोशाला उभे राहावे. आधी हातघाईचे शत्रू दारातून येऊन आपल्याभोवती कोंडाळे करतात. आपण दिसेनासे झाल्यामुळे धनुर्धारी वाट काढत पुढे येऊ लागतात आणि एकामागून एक कोपरा वळून थेट आपल्या पुढ्यात उभे राहतात. शेवटचा धनुर्धारी कोपरा वळला की स्टॉम्प मारावा. मी हे पहिल्यांदा नीट जमवले तेव्हा सहापैकी पाच जण कोपऱ्याशी आले होते आणि सहाव्यासाठी परत दालनात जाण्याची चूक मी तेव्हाही केली. त्याविषयी शेवटच्या प्रश्नात लिहितो.

आता स्टॉम्पची दुसरी बाजू. बँड ऑफ माइट ही अंगठी घातलेली असेल, तर ग्राउंड स्टॉम्प, फ्युरियस चार्ज (शत्रूंवर धावून जाणे) किंवा लीप (उडी) वापरल्यावर ८ सेकंद आपल्याला होणारी इजा बरीच कमी होते. म्हणजे ज्या क्षणी आपण सगळी गर्दी अंगावर ओढून घेता, त्याच क्षणी आपले संरक्षणही सुरू होते. त्यात स्टॉम्पचा कूलडाउन (स्किल पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ) १२ सेकंदांचा आणि अंगठीचा परिणाम ८ सेकंदांचा असल्यामुळे मध्ये ४ सेकंदांची पोकळी राहते. गिअर (अंगावरची साधने) आणि पॅरागॉनमधून (कमाल पातळीनंतर मिळणाऱ्या गुणांतून) एकूण कूलडाउन एक तृतीयांशाने कमी केला की ही पोकळी बुजते. तेवढा कूलडाउन कमी करणे शक्य नसेल, तर ती पोकळी फ्युरियस चार्जने भरावी. चार्ज पुढच्या टोळीकडे जाण्यासाठी हवाच असतो, त्यामुळे वेगळी जागा खर्च करावी लागत नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवावा. शत्रूंना वारंवार सुन्न केले की त्यांचा त्याविरुद्धचा प्रतिकार वाढत जातो आणि काही काळ त्यांना मोकळे सोडले की तो हळूहळू उतरतो. त्यामुळे एकाच टोळीवर ओढण्याची आणि सुन्न करण्याची सगळी स्किल एकापाठोपाठ ओतली, तर नंतरची फुकट जातात. आणि एलाइटच्या (खास गुण असलेल्या बलवान शत्रूच्या) नावाखाली जगरनॉट हा गुण दिसला, तर त्याला ओढण्याचा प्रयत्नच करू नये. तो सुन्न होत नाही आणि ओढलाही जात नाही. तिथे डोंगर महंमदाकडे येणार नसतो. बाकीची टोळी घेऊन आपणच जगरनॉटच्या पायाशी जावे आणि स्टॉम्प तिथे मारावा.

प्रश्न : सगळे जण एरिया डॅमेज वाढवायला सांगतात. पण एलाइटला एकटे गाठून मारणे अधिक सोपे नाही का? भोवतालचे किरकोळ शत्रू आधी साफ केले, तर माझे पात्र मरत तरी नाही. – एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याला सोपे वाटते ते खालच्या पातळ्यांवर खरेही असते. वरच्या पातळ्यांवर मात्र तेच आपला वेळ खाते, आणि त्यामागचा हिशेब एकदा कागदावर मांडला की ते पटते.

एरिया डॅमेजचा नियम असा आहे की, आपल्या प्रत्येक फटक्याला २० टक्के शक्यता असते की त्या फटक्याच्या इजेचा ठरावीक हिस्सा लक्ष्यापासून १० यार्डांच्या आत असलेल्या इतर शत्रूंनाही मिळेल. हा हिस्सा गिअर आणि पॅरागॉनमधून वाढतो. एकट्या पॅरागॉनमधून ५० टक्के मिळतात. समजा, आपल्याकडे तो एकूण १५० टक्के आहे. म्हणजे सरासरीने पाहता शेजाऱ्यावर पडलेल्या प्रत्येक फटक्यातून एलाइटला फटक्याच्या ३० टक्के इजा मिळते, कारण १५० चे २० टक्के म्हणजे ३०. आता एलाइटभोवती १९ किरकोळ शत्रू दाटीने उभे आहेत आणि आपले व्हर्लविंड त्या सर्वांवरून फिरते आहे असे धरा. एलाइटला स्वतःवरच्या फटक्यातून १ भाग मिळतो आणि शेजाऱ्यांवरच्या फटक्यांतून १९ गुणिले ०.३, म्हणजे ५.७ भाग. एकूण ६.७ भाग. तोच एलाइट एकटा असता, तर १ भाग. त्याच्याभोवती ९ जण असते, तर ३.७ भाग.

म्हणजे ज्या किरकोळ शत्रूंना आपण अडथळा समजून आधी मारता, ते प्रत्यक्षात आपलेच काम करत असतात. एलाइट सापडला आणि त्याच्याभोवती गर्दी नसेल, तर त्याला तिथेच मारत बसण्यापेक्षा आपल्या मागे लावावे आणि पुढच्या टोळीत घेऊन जावे. एलाइट पाठलाग सोडत नाहीत, त्यामुळे हे वाटते त्यापेक्षा सहज जमते. वाटेत तो मागे पडला, तर क्षणभर थांबून त्याला जवळ येऊ द्यावे.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. दहा यार्ड हे अंतर लहान आहे. पडद्यावर एकत्र दिसणारे शत्रू या अंतरात असतीलच असे नाही, म्हणून दाटी हवी. शत्रूंची नुसती संख्या पुरत नाही. दुसरी गोष्ट अशी की, ही पसरणारी इजा थेट फटक्यांतून होते. रक्तस्रावासारख्या, काही सेकंदांत थोडी थोडी होणाऱ्या इजेतून ती पसरत नाही. आपला बिल्ड मुख्यतः रेंडवर (रक्तस्राव घडवणाऱ्या स्किलवर) उभा असेल, तर वरचा हिशेब तसाच्या तसा लागू होणार नाही. तरीही गर्दी हवीच, फक्त तिचे कारण बदलते. पेन एन्हान्सर हे रत्न २५ व्या श्रेणीला पोहोचले की २० यार्डांच्या आतल्या प्रत्येक रक्तबंबाळ शत्रूमागे आपल्या आघाताचा वेग ३ टक्क्यांनी वाढवते. वीस शत्रू म्हणजे ६० टक्के. एलाइट एकटा असता, तर ३.

मरण्याची भीती आपण लिहिली आहे, ती रास्त आहे. पण त्यावरचा उपाय वर सांगितलेल्या अंगठीत आणि स्टॉम्पच्या वेळेत आहे. गर्दी कमी करून तो साधत नाही.

प्रश्न : मी आणि माझा दुबईतला मावसभाऊ दर शुक्रवारी रात्री एकत्र खेळतो. तो मंक, मी बार्बेरियन. दोघेही शत्रू ओढतो, तरी गर्दी टिकत नाही. – एक वाचिका, नाशिक

उत्तर : दोघेही ओढता म्हणूनच ती टिकत नाही. दोन ठिकाणांहून ओढले की टोळी दोन्हींच्या मध्ये हेलकावे खाते. ओढण्याचे काम पूर्णपणे आपल्या मावसभावाकडे सोपवावे. मंकच्या सायक्लोन स्ट्राइकला कूलडाउन नसतो, फक्त स्पिरिट (मंकची ऊर्जा) खर्च होते, त्यामुळे ते लागेल तेव्हा पुन्हा वापरता येते. एका वेळी २४ यार्डांतून १६ शत्रूंपर्यंत ओढले जातात, आणि इम्प्लोजन हा रून लावला तर हेच अंतर ३४ यार्ड होते. आपण ग्राउंड स्टॉम्प काढून टाकू नये, पण तो ओढण्यासाठी न वापरता जमलेल्या गर्दीला जागीच सुन्न करण्यासाठी आणि अंगठीच्या संरक्षणासाठी वापरावा. त्यासाठी मावसभावाच्या अगदी शेजारी उभे राहून मारावा. मावसभाऊ थांबेल ती जागा केंद्र, हे आधीच ठरवून घ्या. तो चालू लागला की आपण मारणे थांबवून त्याच्या पुढे न जाता त्याच्याबरोबर चालावे. पहिल्या दोनचार रात्री आवाजी संवाद चालू ठेवून ‘थांबलो’ आणि ‘निघालो’ एवढे दोनच शब्द बोललात, तरी फरक जाणवेल.

प्रश्न : गोळा करण्यातच वेळ जातो आणि मारायला वेळ उरत नाही. किती गोळा केले म्हणजे पुरे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ग्रेटर रिफ्टला १५ मिनिटे मिळतात, म्हणजे ९०० सेकंद, आणि त्यांतला काही भाग शेवटच्या गार्डियनसाठी (रिफ्टच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूसाठी) राखावा लागतो. गार्डियनला ओढता येत नाही आणि बहुतेक वेळा त्याच्याभोवती गर्दीही नसते, त्यामुळे त्याला अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागतो. मी स्वतः आपल्या पातळीवर त्याच्यासाठी अडीच ते तीन मिनिटे धरून चालतो. उरलेल्या वेळात एका गर्दीच्या जमवाजमवीला साधारण दहा सेकंदांपेक्षा जास्त देऊ नयेत. तेवढ्यात आले ते आपले.

सर्वांत मोठी गळती मागे राहिलेल्या एकट्यादुकट्यांमुळे होते. वर मी सहाव्या धनुर्धाऱ्यासाठी परत गेल्याचे लिहिले. त्या एकासाठी मला दालन ओलांडावे लागले, तो मागे सरकला, मी त्याच्यामागे गेलो आणि परत कोपऱ्याशी येईपर्यंत स्टॉम्पने सुन्न केलेली गर्दी जागी होऊन पांगली होती. एका किरकोळ शत्रूने प्रोग्रेस बारमध्ये (शत्रू मारले की भरत जाणाऱ्या पट्टीत) घातलेली भर नजरेला दिसतही नाही. त्याला सोडून द्यावे. तो जिवंत असला तरी रिफ्ट पूर्ण होतो.

याला अपवाद एकच. मागे राहिलेला फॉलन शमन असेल, तर त्याला सोडू नये, कारण तो फॉलन जातीच्या मेलेल्या शत्रूंना पुन्हा उठवतो आणि आपण केलेले काम पुसून टाकतो. टोळीत शमन दिसला की त्याला आधी डोळ्यांत धरावे आणि वळसा घालताना त्याच्याच बाजूने जावे, म्हणजे स्टॉम्पच्या वेळी तो घेरात असतो. ज्या मोठ्या मोकळ्या नकाशांवर आडोसे नाहीत, भिंती नाहीत आणि शत्रू दूरदूर पसरलेले आहेत, तिथे जमवाजमवीचा हट्ट धरू नये. एलाइट मागे लावून सरळ पुढच्या मजल्याच्या दाराकडे निघावे.