बायको एसएस सिकलची आहे, बाळंतपण झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की बायको एसएस आहे, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा जनुक आई आणि वडील दोघांकडून आलेली. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल हवंय. पण तिच्या माहेरचे घाबरलेत आणि इथल्या एका डॉक्टरांनी "कशाला रिस्क घेता" म्हणून विषय संपवला. मी स्वतः एसएस आहे. मूळची चंद्रपूरकडची, लग्न झाल्यापासून पुण्यात धायरीत. मुलगी चार वर्षांची आहे, आत्ता शेजारी बसून माझं पेन चावतेय. म्हणजे होतं. पण सोपं असतं असं सांगून तुम्हाला फसवणार नाही.

सगळे वहिनींबद्दल बोलतायत, तुमच्या रक्ताचं कुणी विचारलेलंच दिसत नाही. तुम्ही एए, म्हणजे सिकलचा जनुक नसलेले, असाल तर मुलं सगळी वाहक होतील (एकच जनुक सिकलचा), आजारी एकही नाही. तुम्ही वाहक असाल तर दर वेळी निम्मी शक्यता एसएस बाळाची. आणि नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर थांबू नका. ती फक्त सिकल पकडते. तुम्ही थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचे वाहक असलात तर ती निगेटिव्हच येईल, आणि बाळाला सिकल-थॅलेसेमिया व्हायची शक्यता तरीही निम्मी. त्यासाठी एचपीएलसी लागते, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी रक्ताची तपासणी. त्यात काही निघालंच, तर ११ ते १४ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन बाळाची तपासणी होते. हे आधी माहीत असलेलं बरं, चौथ्या महिन्यात कळून धावपळ नको.

वहिनी हायड्रॉक्सीयुरिया (सिकलची दुखणी कमी करणारी गोळी) घेत असतील तर ती साधारण तीन महिने आधी बंद करतात. पण रक्ताच्या डॉक्टरांना विचारून, मनाने नाही. माझी बंद केली त्या काळात दोनदा दुखणं उठलं, मांड्या अशा ठणकायच्या की चादरीचा स्पर्श नको व्हायचा. त्याच काळात डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, हृदयाची टूडी एको केली, न्यूमोनियाची लस घेतली.

आता पुण्याचं. आमच्या चंद्रपूरकडे आशाताई घरी येऊन बोटाचं रक्त घेते, सिकल म्हटलं की पानवाल्यालाही कळतं. २०२३ च्या जुलैपासून तर केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, आदिवासी जिल्ह्यांत तपासणी जोरात चालते. इथे हॉस्पिटलं मोठमोठी, पण काउंटरवर सिकल म्हटलं की समोरची नर्स विचारते, "म्हणजे ॲनिमियाच ना?" पहिल्याच तपासणीत हिमोग्लोबिन ८ बघून मला लोहाच्या गोळ्यांचं पाकीट दिलं. मी घेतल्या नाहीत. मला आधी कितीदा तरी रक्त चढलेलं. फेरिटिन, म्हणजे शरीरात साठलेलं लोह, तपासलं तर लोह भरपूर निघालं. आम्हाला रोज लागतं ते ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड. लोह कमी आहे असं रिपोर्टात दिसलं तरच लोह.

बाराव्या आठवड्यापासून छोटी ॲस्पिरिन सुरू झाली, कारण आमच्यात बीपी चढायचा धोका जास्त. दर वेळी लघवीची तपासणी. २४ आठवड्यांनंतर दर महिन्याला सोनोग्राफी, कारण बाळाची वाढ मागे पडू शकते, दिवस भरायच्या आत बाळंत होऊ शकते, क्वचित पोटात बाळ दगावतंही. हे वाचून वहिनी रडतील. तरी सांगा.

माझं खरं संकट ३३व्या आठवड्यात आलं. डिसेंबर, पुण्याची ती कडाक्याची थंडी. ताप, आणि श्वास घेताना उजव्या बरगडीखाली कळ. रात्री एका हॉस्पिटलात गेलो तर सर्दीच्या गोळ्या लिहून घरी पाठवत होते. बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन ९१ दिसत होतं. गरोदर बाईचा एक्स-रे नको म्हणून आढेवेढे चालले. नवऱ्याने माझी सगळी फाइल टेबलावर उपडी केली, वरचा एसएसचा कागद बोटाने दाखवत राहिला. शेवटी एक्स-रे निघाला, फुप्फुसात पांढरा डाग. सिकलमध्ये याला ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात आणि त्यात आई जाऊ शकते. ऑक्सिजन, अँटिबायोटिक, दोन पिशव्या रक्त. रक्तसुद्धा नुसता गट जुळून चालत नाही. बाकीचे आरएच घटक आणि केल नावाचा रक्तगटाचा आणखी एक घटक जुळवावे लागतात, नाहीतर पुढच्या वेळी रक्त मिळणं अवघड होतं. रक्तपेढीत हे आधीच बोलून ठेवा.

३८व्या आठवड्यात कळा आणवल्या. नॉर्मल झाली. सिकल आहे म्हणून सिझेरियन केलंच पाहिजे असं काही नसतं, मात्र बाळंत होताना सलाईन, ऊब आणि ऑक्सिजनवर लक्ष हवं. मुलगी २ किलो ३०० ग्रॅम. आईने तेलाची बाटली आणली होती, मला त्या दिवशी पोटात टोचायची इंजेक्शनं जास्त महत्त्वाची वाटत होती, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे लोक विसरतात. तेव्हाही दुखणं उठतं, तापही येतो.

तर डॉक्टर बदला. प्रसूतीचे आणि रक्ताचे डॉक्टर एकाच छताखाली बसतात असं ठिकाण शोधा. पण त्याआधी तुमची एचपीएलसी. उद्या सकाळीच जा, उपाशीपोटी जावं लागत नाही.