बाबांच्या कथा फ्लॉपीत अडकल्यात, बाहेर कशा काढू?

प्रश्न : बाबांनी नव्वदच्या दशकात दिवाळी अंकांसाठी लिहिलेल्या कथा साडेतीन इंची फ्लॉप्यांवर आहेत, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या. यूएसबीवाला फ्लॉपी ड्राइव्ह मागवला, पण फ्लॉपी घातली की विंडोज म्हणतं डिस्क फॉरमॅट करा. करू का? सव्वापाच इंची पण थोड्या आहेत.
– एक वाचक, मिरज

उत्तर : नका, अजिबात फॉरमॅट करू नका! त्या मेसेजचा अर्थ फ्लॉपी कोरी आहे असा नाही, ड्राइव्हला तिच्यावरचा सुरुवातीचा भाग नीट वाचता आला नाही एवढाच. आधी फ्लॉपी उलटी करून कोपऱ्यातली छोटी खिटी सरकवा, भोक उघडं दिसलं की त्यावर चुकूनही काही लिहिलं जात नाही. मग वरचं पत्र्याचं झाकण बोटाने हळूच सरकवून आतली काळपट तबकडी उजेडात बघा, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तिच्यावर बुरशीचे पांढरे ठिपके येतात, आणि तबकडी ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे वाचणाऱ्या भागाला, टेकूनच फिरते, त्यामुळे अशी एक फ्लॉपी घातली की हेडला घाण लागून पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही ओरखडतात. ठिपकेवाल्या बाजूला ठेवा, त्या जाणकाराकडून साफ करून घ्या.

ज्या स्वच्छ आहेत त्यांच्यातल्या फायली एकेक कॉपी करत बसू नका, अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एका फाइलीत जशीच्या तशी नक्कल, काढा. १.४४ एमबीचा तर मामला आहे. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम यासाठी फार छान, खराब भाग सोडून आधी चांगलं ते उचलतं आणि मग उरलेल्यासाठी परत परत प्रयत्न करतं. तरी नाही जमलं तर दुसरा ड्राइव्ह लावून बघा, खरंच फरक पडतो, कारण प्रत्येकाचं हेड किंचित वेगळ्या जागी बसलेलं असतं.

सव्वापाच इंचीला यूएसबी ड्राइव्ह चालत नाही, जुना ड्राइव्ह आणि तो कॉम्प्युटरला जोडणारं ग्रीसविझलसारखं कंट्रोलर बोर्ड लागेल.

आता खरी मेहनत पुढे आहे. श्रीलिपीचा तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात, नाही, त्यामुळे फाइल उघडली तरी नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतील, घाबरू नका, कथा तिथेच आहे. फॉन्टचं नेमकं नाव शोधून त्याच फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरा. रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडेतिकडे होतात, म्हणून छापील अंक हाताशी असेल तर ओळ न् ओळ ताडून बघा, आणि मूळ इमेज फायली दोन ठिकाणी तशाच जपून ठेवा.