हुशार, तल्लख आणि उरक

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलंय : ‘मुलाची बुद्धिमापन चाचणी करून घेतली. अहवालात बाकी सगळं छान आहे, फक्त ‘प्रोसेसिंग स्पीड’ कमी लिहिलाय. सासूबाईंना मराठीत कसं सांगू? मंदबुद्धी म्हणायचं का? की मंदगती?’

ताई, दोन्ही नकोत. मंदबुद्धी तर मुळीच नको, तो शब्द या अहवालाला धरून नाहीच. आणि मंदगती म्हटलंत, तरी ऐकणाऱ्याच्या कानात ‘मंद’ एवढंच राहील. सासूबाईंच्या रोजच्या बोलण्यातला एक शब्द इथे नेमका बसतो : उरक. ‘त्याची समज चांगली आहे, कामाचा उरक जरा कमी आहे,’ असं सांगा. त्यांना लगेच कळेल.

चाचणीत नेमकं काय मोजतात बघा. मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या बुद्धिमापन चाचणीत मुलासमोर एक कागद असतो. वर आकडे, प्रत्येक आकड्याखाली एक खूण. खाली नुसत्या आकड्यांच्या ओळी. वर बघत बघत दोन मिनिटांत जमतील तेवढ्या खुणा भरायच्या. अवघड काहीच नाही, फक्त भराभर करायचं. यात डोळा, पेन्सिल, हात, लक्ष, सगळंच आलं. जो मुलगा प्रत्येक खूण सुबक काढत बसतो, तो इथे मागे पडतो. म्हणून तर या वेगाचे गुण शब्दज्ञान, तर्क, स्मरण यांच्या गुणांपासून वेगळे दाखवतात.

वेग म्हणजेच बुद्धी, ही कल्पना तशी जुनी. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी 1884 साली लंडनच्या प्रदर्शनात लोकांचा प्रतिक्रियेचा वेळ मोजला, त्यामागे हाच विचार होता. 1901 मध्ये अमेरिकेतले संशोधक विस्लर यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे असे वेळ त्यांच्या गुणांशी ताडून पाहिले, तर संबंध जवळजवळ दिसलाच नाही. पुढच्या अभ्यासांत संबंध दिसला, पण बेताचा. शिवाय हा वेग वयाबरोबर उतरतो आणि शब्दसंपत्ती टिकून राहते. त्या खुणा भरायला बसवलं तर तुमच्या सासूबाई तुमच्या मागे पडतील, म्हणून त्यांची अक्कल कमी झाली असं आपण म्हणतो का?

आता ‘हुशार’. हा शब्द फारसीतून आला. मूळ होश, म्हणजे भान, शुद्ध. हुशार म्हणजे जागा, सावध. वेगाचा त्यात मागमूस नाही. हे मला कोशातून नाही, आमच्या वाड्यात कळलं. शेजारच्या कानडी काकू मुलगा सायकल घेऊन निघाला की मागून ‘हुषार!’ असं बजावायच्या. मला वाटायचं, रोज काय कौतुक करतात याचं! त्या ‘जपून’ म्हणत होत्या. बेंगळुरूकडे तर ‘हुषारिल्ल’ म्हणजे तब्येत बरी नाही. समोरच्या पद्मशाली घरात तेलुगूतलं ‘हुषारु’ म्हणजे उत्साही, तरतरीत. एकाच वाड्यात एका शब्दाचे तीन अर्थ, आणि तिन्हींच्या मुळाशी जागेपण. मराठीनंही ते सोडलेलं नाही. चहा घेतल्यावर ‘जरा हुशारी आली’ असं आपण म्हणतोच ना?

त्याच पद्मशाली घरातल्या मावशी बिड्या वळायच्या. मांडीवर सूप, कात्रीनं कापलेलं पान, चिमूटभर तंबाखू, बोटाची एक गिरकी, दोऱ्याचा वेढा. बिडी झालीसुद्धा. मजुरी हजारावर. सगळ्या बायका म्हणायच्या, मावशींचा उरक दांडगा. हुशार मात्र त्या दुसऱ्याच बाईला म्हणायच्या. ती सावकाश वळायची, पण हिशेबात कुणी हजारात पन्नास कमी धरले तर तिच्या लगेच लक्षात यायचं. बायकांनी हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरले नाहीत.

वेगाकडे झुकणारे शब्द आहेत, नाही असं नाही. ‘चलाख’ फारसीत चपळ होता. मराठीत येऊन तो लबाडीच्या वळणावर गेला, आणि वेगावर आपला किती विश्वास आहे ते मला त्यातून दिसतं. ‘तल्लख’ हा मूळचा तल्ख, म्हणजे कडू, जहाल. ‘कुशाग्र’ म्हणजे दर्भाचं टोक. हे दोन्ही धारेचे शब्द.

मला सगळ्यांत आवडते ती जुन्या लोकांनी सांगितलेली बुद्धीची त्रयी. तैलबुद्धी : पाण्यावर तेलाचा थेंब पडला की पसरत जातो, तसं एक सांगितलं की दहा कळतात. मोतीबुद्धी : मोत्याला पाडलं तेवढंच भोक राहतं, शिकवलं तेवढंच राहतं. नमदाबुद्धी : नमदा म्हणजे घोड्याच्या खोगिराखालचं जाड लोकरी कापड, त्यात सुई खुपसून काढली की भोक बुजतं. शिकवलेलं किती पसरतं, किती टिकतं, हे पाहून केलेली वाटणी आहे ही. किती मिनिटांत, हे तिथे कुणी विचारलेलं नाही. ‘ढ’चंही तेच. ब्राह्मीपासून या अक्षराचं वळण फारसं बदललं नाही, म्हणून शिकवूनही न बदलणारा तो ढ, असं सांगतात. सावकाश शिकणारा म्हणजे ढ नव्हे.

शाळेकडे पेपरासाठी जादा वेळ मागायचा असेल, तर अर्जात ‘प्रक्रियावेग’ लिहा, तिथे उरक चालणार नाही. ‘आकलनवेग’ मात्र टाळा, कारण तुमच्या मुलाच्या आकलनाबद्दल त्या अहवालाची काहीच तक्रार नाही.